तावीजातले पंधरा

पनवेलहून मालडुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे लागतं. शेजारून गाढी नदी वाहते, समोर माथेरानचा डोंगर. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनामुळे अनेकांना हे नाव ऐकून माहीत असतं. आता भातखाचरांच्या कडेने इमारती उठल्या आहेत आणि मुंबईत घर परवडत नाही अशी कुटुंबं त्यांत राहायला आली आहेत. त्यामुळे या भागातल्या प्राथमिक वर्गात घरी आगरी बोलणारं मूल, ठाकरवाडीवरून चालत येणारं मूल आणि घरी हिंदी-उर्दू बोलणारं मूल एकाच सतरंजीवर बसलेलं दिसतं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, शिक्षक नाही. पण महिन्यातले दोन शनिवार, सकाळच्या शाळेत, अशा एका चौथीच्या वर्गावर गणिताचे खेळ घेतो. वर्गशिक्षिका बाई मागे बसून वह्या तपासतात, आणि मी फार भरकटलो की खोकतात.

त्या शनिवारी मी बाटल्यांची झाकणं घेऊन गेलो होतो. प्रत्येक गटाला नऊ झाकणं, त्यांवर १ ते ९ आकडे. जमिनीवर खडूने नऊ घरांचा चौकोन. आडवी, उभी, तिरपी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज सारखीच आली पाहिजे. किती यायला हवी, ते सांगितलं नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसता गोंगाट होता. मग एका गटाचा चौकोन जमला. वरच्या ओळीत ४, ९, २. मधल्या ओळीत ३, ५, ७. खालच्या ओळीत ८, १, ६. मी तो फळ्यावर काढला आणि मागच्या बाजूची एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘सर, हे आमच्या दारावर आहे. पण त्याच्यातले आकडे उर्दूतले आहेत.’’

वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. बाईंनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला कळली. वर्गात धर्माचं काही निघालं आणि बाहेर त्याचं भलतंच झालं, तर उत्तर त्यांना द्यावं लागणार होतं. हल्लीच्या दिवसांत ती काळजी वेडगळ म्हणता येत नाही. एवढ्यात किराणा दुकानदाराचा मुलगा ओरडला, ‘‘आमच्या गल्ल्यावर पण आहे! पप्पा दिवाळीला काढतात!’’ आणि ताण गेला. बाई हसल्या. मीही.

आता माझी गोष्ट. दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री अम्मीने माझ्या दंडाला तावीज बांधला होता. पेपर बरा गेला. तावीज काही वर्षं तसाच पेटीत पडून राहिला. इंजिनियरिंगला असताना एका सुट्टीत, काहीशा मस्तीत, मी तो उघडला. मेणकापडाच्या आत घडी घातलेला कागद, आणि कागदावर नऊ घरं. चार, नऊ, दोन. तीन, पाच, सात. आठ, एक, सहा. मी तो बराच वेळ धरून बसलो होतो. गणिताच्या भीतीवर उतारा म्हणून माझ्या दंडाला एक गणिताचं कोडंच बांधलेलं होतं, आणि ते सोडवून बघ असं मला कुणी म्हणालं नव्हतं. बांधणाऱ्या अम्मीलाही कुणी कधी म्हणालं नसणार.

या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत २, ४, ६, ८ येतात. अबजद पद्धतीत, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या जुन्या अरबी रीतीत, बे म्हणजे दोन, दाल म्हणजे चार, वाव म्हणजे सहा, हे म्हणजे आठ. ही अक्षरं जोडली की ‘बुदूह’ होतं, आणि या शब्दालाच लोकांनी मंत्रासारखं वापरलं. पण त्याच संस्कृतीत दुसरीही एक वाट होती. दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वान-अस-सफा या मंडळींनी आपल्या ज्ञानकोशासारख्या ग्रंथात असे चौकोन दिले आणि बगदादच्या अबुल वफा अल-बुझजानी या गणितज्ञाने ते कसे रचायचे यावर लिहिलं. आपल्याकडे नारायण पंडिताच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त ‘भद्रगणित’ या नावाने या विषयाचं अख्खं प्रकरण आहे. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा, ३४ बेरजेचा चौकोन कोरलेला आहे. चिनी लोक नऊ घरांच्या चौकोनाला लो शू म्हणतात. दारावर, गल्ल्यावर आणि दंडावर पोचण्याआधी आणि नंतरही हा चौकोन कुणा एकाच्या मालकीचा नव्हता.

मुलांना मी हा इतिहास फारसा सांगितला नाही. त्यांना दुसरीच घाई होती. प्रत्येक गट म्हणत होता आमचा चौकोन वेगळा आहे, आमचाच खरा. मग एका मुलाने दुसऱ्या गटाच्या चौकोनाभोवती फिरून बघितलं आणि म्हणाला, ‘‘हा आमचाच आहे, आडवा झोपलाय.’’ वहीतला कागद फिरवून, उलटा करून, खिडकीच्या काचेवर धरून मागून बघून त्यांनी शोधलं की चौकोन आठ दिसतात पण आहे एकच. मधोमध पाचच का, यावर तर भांडणच झालं. शेवटी एका शांत मुलीने १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६ अशा जोड्या लावून दाखवल्या; सगळ्यांची बेरीज दहा. एकटा उरतो तो पाच. त्या तासाला मुलांनी किती बेरजा केल्या असतील, मोजल्या नाहीत. दोन पानं उदाहरणं दिली असती तर त्याच्या निम्म्याही केल्या नसत्या.

आपल्याकडे जलशांत, व्याख्यानांत अल-ख्वारिज्मीचं नाव घेतल्याशिवाय माइक खाली ठेवत नाहीत. बीजगणित आम्ही दिलं, शून्य युरोपात आम्ही नेलं. ठीक आहे. पण मोहल्ल्यातल्या तिसरीच्या पोराला हातच्याची वजाबाकी येते का, हे त्या मंडपातून उठून कुणी विचारत नाही. २००६ साली सच्चर समितीने नोंदवलं होतं की ६ ते १४ वयोगटातल्या चारपैकी एका मुस्लिम मुलाने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही किंवा मध्येच शाळा सोडलेली आहे. जे शाळेत आहेत त्यांचंही काय? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी साधारण ३४ मुलांना वजाबाकी येते आणि पाचवीतल्या शंभरपैकी ३१ मुलांना भागाकार येतो. हे आकडे सगळ्या समाजांचे आहेत, एकट्या आपले नाहीत. पण ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत आणि आईवडिलांची शाळा पाचवी-सातवीत सुटलेली आहे, त्या घरातल्या मुलाला वर्गात जे सुटलं ते घरी भरून मिळत नाही. पुढे आठवी-नववीत ‘याचं डोकं चालत नाही’ म्हणून मुलगा गॅरेजवर जातो आणि मुलीच्या लग्नाचं बघायला लागतात. डोकं चालत नाही हा निकाल बहुतेक वेळा गणिताच्या पेपरवरूनच लागलेला असतो.

म्हणून मला खेळ आणि कोडी हा चैनीचा विषय वाटत नाही.

महाराष्ट्रात हे काम नव्याने शोधायला नको. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर मुलांना शिकवणारे द. रा. कापरेकर मास्तर आठवा. विद्यापीठात कुणी त्यांना फारसं मोजलं नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ नाव दिलं ते एका रेल्वे स्टेशनावरून, म्हणजे आपल्या आजच्या डोंबिवलीवरून. आता डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून गाडीत शिरायला जागा कशी मिळेल याशिवाय दुसरं गणित सुचणं कठीण, पण त्यांना सुचलं. त्यांचा ६१७४ हा आकडा प्रसिद्ध आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतोच आणि मग तिथेच थांबतो.

चौथीला मी तीन अंकांवर हे करून घेतो. ३५२ घ्या. ५३२ वजा २३५, उत्तर २९७. मग ९७२ वजा २७९, ६९३. मग ९६३ वजा ३६९, ५९४. मग ९५४ वजा ४५९, ४९५. पुढे ४९५ च येत राहतो. मुलं आपला जन्मदिवस, रिक्षाचा नंबर, काहीही घेतात आणि सगळी ४९५ ला येऊन धडकतात. पण मला याच्यात आवडते ती गोष्ट वेगळीच. वरची उत्तरं पुन्हा बघा: २९७, ६९३, ५९४, ४९५. मधला अंक दर वेळी ९, आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९. हे मुलांनीच शोधलं. आणि एकदा शोधल्यावर त्यांना माझी गरज उरली नाही. मध्ये ९ नाही आला? म्हणजे हातचा घ्यायला चुकलो. पुन्हा कर. ज्या मुलाच्या वहीत आजवर फक्त लाल फुल्या होत्या, तो स्वतःची चूक स्वतः पकडून खोडरबर मागत होता, आणि त्याला लाज वाटत नव्हती. मी ज्या धंद्यात आहे तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच त्याची चाचणीही लिहायची असते. दुसऱ्याने येऊन चूक दाखवेपर्यंत थांबायचं नसतं. माझ्या मते चांगल्या कोड्याची परीक्षा हीच. बरोबर की चूक हे कोडंच सांगतं का? की त्यासाठीही सरांच्याच तोंडाकडे बघावं लागतं?

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही मुलांसाठी गणिताचं ॲप बनवत होतो. बरोबर उत्तराला तारे, पाच ताऱ्यांना फुगे, फुग्यांवर गाणं. दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये मूल किती मिनिटं पडद्यासमोर होतं ते बघितलं जायचं. मी माझ्या पुतणीला ते खेळायला दिलं. ती प्रश्न न वाचता चारही पर्याय एकेक करून दाबत होती. एक तरी बरोबर निघायचाच आणि तारा मिळायचा. तिला बेरीज येत नव्हती, पण ॲप कसं फसवायचं ते पक्कं कळलं होतं. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा चूक उत्तराला तारा कापावा असा उपाय निघाला. तो खेळ होता, पण त्यात गणित नव्हतं. गणितावर खेळाची साखर लावली होती, आणि मुलं साखर चाटून गोळी थुंकत होती. आज पालक मोठ्या हौसेने अशी ॲपं विकत घेतात म्हणून हे सांगितलं.

याहून अवघड गोष्ट अशी की चांगले खेळही एकटे पुरत नाहीत. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या मदतीने २१४ बालवर्गांत, दीड हजारावर मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आणि अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो त्यात होत्या. निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आले. मुलांनी काही महिने ठिपक्यांचे, आकारांचे, लहानमोठ्याचे खेळ खेळले. संख्येची त्यांची अंतःप्रेरणा सुधारली आणि ती सुधारणा टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात, आकडे आणि चिन्हं वापरून करायच्या गणितात, त्याचा फायदा दिसला नाही. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग दुकानातला पोरगा आठवला.

त्याच चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. संध्याकाळी वडिलांच्या चिकनच्या दुकानात बसतो. दोनशे चाळीसचा भाव असेल तर पाऊण किलोचे एकशे ऐंशी, हे तो हात न थांबवता सांगतो, पाचशेची नोट दिली तर तीनशे वीस परत देतो. फळ्यावर मी लिहिलं: २४० चे तीन चतुर्थांश किती? तो खाली बघायला लागला. माणूस तोच, हिशेब तोच. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ने छापला, त्यात हेच दिसलं. बाजारातली मुलं तोंडी व्यवहार झटपट करतात, पण तेच गणित शाळेच्या रूपात आलं की अडतात. आणि शाळेतल्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट.

म्हणजे मुलाला गणित येत नाही असं नाही. त्याच्याकडे एक गणित आहे आणि शाळेकडे दुसरं, आणि मधला साकव कुणी बांधलेला नाही. शिक्षकाचं खरं काम या साकवाचं आहे. खेळ संपल्यावर जो प्रश्न विचारायचा, जे पाटीवर लिहून घ्यायचं, त्यात ते काम असतं. मी सुरुवातीला खेळ छान रंगला की खूश होऊन घरी यायचो. बाईंनीच एकदा टोकलं: ‘‘सर, मजा आली मुलांना. पण वहीत काय आलं?’’ तेव्हापासून शेवटची दहा मिनिटं वहीची. चौकोनाच्या दिवशी ४ + ९ + २ = १५ असं प्रत्येक ओळीचं लिहायचं. दुकानाच्या खेळात एक मूल गिऱ्हाईक, एक दुकानदार आणि तिसरं मूल कारकून. कारकुनाने प्रत्येक सौदा चिन्हांत लिहायचा. चिकनवाल्याला मी मुद्दाम कारकून केलं. पहिल्या दिवशी तो वैतागला. तिसऱ्या खेपेला त्याने ‘पाऊण’ या शब्दासमोर ३/४ लिहिलं आणि मला विचारलं, ‘‘हे तेच आहे?’’

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. ते गेले, आणि पाठांतराचा तो जाच परत यावा असं मी म्हणणार नाही. पण शब्द बाजारात जिवंत आहेत. आणि आपल्या मुलांच्या दृष्टीने एक सोय अशी की हे शब्द मराठीत आणि उर्दूत जवळजवळ जुळे आहेत: पाव, पौन, सवा, डेढ, ढाई. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या मुलाला पाय टेकायला एवढी जमीन फार झाली.

संख्यांच्या नावांत मात्र ही जमीन नाही. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच आधी. म्हणून मूल ३५ लिहितं. घरी ‘तिरपन’ ऐकलेलं असतं, तिथेही तीनच आधी. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, पण लिहायला दोन आणि नऊ. उर्दू माध्यमातलं मूल तर अक्षरं उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे लिहितं, तेही एकाच ओळीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी सोपी वाट दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, भाषेचा खून झाला म्हणून लेख आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जुनी नावं जात नाहीत, अडखळणाऱ्या मुलाला एक जिना देतो आहोत. ‘गणितगप्पा’ लिहिणारी ही बाई २०२३ मध्ये गेली. कोट्या करणाऱ्यांपैकी कितींनी ३५ आणि ५३ मध्ये रडकुंडीला आलेलं मूल पाहिलं होतं कोण जाणे. मी वर्गात पत्ते वापरतो: एका पत्त्यावर ५०, दुसऱ्यावर ३. तीनाचा पत्ता पन्नासच्या शून्यावर ठेवला की ५३ दिसतो. ‘पन्नास तीन’ म्हणायचं, मग ‘त्रेपन्न’ म्हणायचं. घरी ‘तिरपन’ म्हणत असाल तर तेही म्हणा. एक पत्ता, तीन नावं.

एक विरोध आपल्याच घरातून आला, तो लपवण्यात अर्थ नाही. चल्लस-आठ हा आपल्या आज्यांचा खेळ. चार कवड्या नाही तर फोडलेले चिंचोके, जमिनीवर पंचवीस घरं. मी तो वर्गात आणला. पुढच्या वेळी एका मुलाचे वडील फाटकाशी थांबले होते. ‘‘भाई, दाणे फेकून खेळायचं आपल्यात चालत नाही. बच्चों को आदत लगती है.’’ माणूस भांडायला आलेला नव्हता, काळजीने आला होता. फाशांच्या खेळाचा, नर्दचा, हदीसमध्ये निषेध आहे हे खरं. बुद्धिबळाबद्दल फकीहांत मतभेद राहिले. आपल्या कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर ते हराम नाही, मकरूह मानलं गेलं. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि तिथे रस्त्यावर वाद घालण्याचा मोहही झाला. घातला नाही. पट काढून टाकला, चिंचोके ठेवले. म्हटलं, खेळायचं नाही, फक्त फेकायचं आणि नोंद करायची. तुम्हीही येऊन बघा.

झालं असं की नोंद खेळापेक्षा जास्त रंगली. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू तपकिरी, एक पांढरी. चार चिंचोके फेकले तर पांढरे किती? शून्य, एक, दोन, तीन की चार? मुलांचं म्हणणं, सगळं सारखंच येणार, नशीब ज्याचं त्याचं. प्रत्येक गटाने रेघा ओढत नोंद केली. प्रत्येक गटाच्या तक्त्यात मधलं पोट फुगलेलं, दोनाच्या रकान्यात रेघांची गर्दी, आणि सगळे पांढरे किंवा सगळे तपकिरी क्वचित. असं का? मग चार चिंचोके किती तऱ्हांनी पडू शकतात ते एकेक मांडत गेलो. सोळा तऱ्हा निघाल्या. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन पांढरे. सगळे पांढरे असणारी तऱ्हा एकच. म्हणून तर चल्लस-आठमध्ये चार आणि आठ या दानांना मान आहे, ती दुर्मीळ आहेत. ते वडील आले होते, दाराशी उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘‘म्हणजे जुगारवाल्याला हे आधीच माहीत असतं?’’ मी म्हटलं, ‘‘त्याला माहीत असतं, खेळणाऱ्याला नसतं.’’ यावर ते काही बोलले नाहीत, पण मुलाला त्यानंतरही पाठवतात.

साहित्याला पैसे लागत नाहीत हे या सगळ्यातून कळलंच असेल. भौतिकशास्त्र शिकून कामगार चळवळीत गेलेले विवेक माँटेरो आणि ‘नवनिर्मिती’तले त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं हेच सांगत आले आहेत की गणित प्रत्येक मुलाला येऊ शकतं आणि ते हातांनी करून शिकायला स्वस्त वस्तू पुरतात. पैसा लागतो त्याहून जास्त माणूस लागतो, ठरलेल्या दिवशी ठरल्या वेळी येणारा. आपली तरुण मंडळी शिबिरं भरवतात, वह्या वाटतात, गुणवंतांचे सत्कार करतात. सत्काराला नव्वद टक्केवाली मुलगी मंचावर येते, पस्तीसवाला मुलगा खुर्च्या लावत असतो. तुमच्यात कुणी बी.एस्सी. झालेलं आहे, कुणी डिप्लोमा केलेला आहे, कुणी दुकान सांभाळतं आणि तोंडी हिशेबात आम्हां इंजिनियरांना मागे टाकतं. जवळच्या शाळेत जा, बाईंना विचारा, त्यांची गरज आधी ऐका. मकतबमध्येही असर आणि मगरिबच्या मध्ये अर्धा तास निघतो. मौलवी साहेबांना झाकणांचा चौकोन दाखवून बघा. काही ठिकाणी नाही म्हणतील. दुसरीकडे जा. आणि पहिल्या महिन्यात मुलांची टक्केवारी वाढली का असं कुणी विचारलं, तर खरं सांगा, नाही वाढली.

दारावरच्या चौकोनाची गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या शनिवारी त्या मुलीची दादी तिला सोडायला स्वतः आली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तिने पिशवीतून फ्रेम काढली, काच पुसली आणि विचारलं, ‘‘बेटा, हिने घरी सांगितलं की कुठूनही मोजा, पंधराच होतात. खरंच?’’ मी म्हटलं, मोजून बघा. आकडे अरबी होते, मला वाचायला थोडं अडखळायला झालं, दादीला नाही. तिने बोटाने आठही ओळी मोजल्या. शाळेत ती कधी गेलेली नव्हती. तावीज खोटा की खरा हा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही. काढायचा आहे, पण त्या दिवशी नव्हे. फ्रेम पिशवीत ठेवताना ती एवढंच म्हणाली, ‘‘इतकी वर्षं लटकवली, मोजली कधीच नाही.’’

नातीचा प्रश्न तयारच होता. तिच्या लहान भावाचा हजेरी नंबर १६ आहे. त्याच्यासाठी १६ बेरजेचा चौकोन करायचा आहे. वर्गाने प्रत्येक झाकणावरच्या आकड्यात एक मिळवून बघितला, बेरीज १८ झाली. एक वजा केला, १२ झाली. मध्ये काही सापडेना. त्या दिवशी घंटा झाल्यावरही चार-पाच जण जमिनीवरून उठले नाहीत. दुकानातल्या मुलाने जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘सर, झाकणावर पाव-अर्धा लिहिलेलं चालतं का?’’ मी म्हटलं, चालतं. पाव-अर्ध्याने त्याचं काम होणार नाही, एकाचे तीन सारखे भाग करावे लागतील. पण ते मी सांगितलेलं नाही.